कार्पेट एरिया

गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला गेले होते, तेव्हा एका दुपारी पाऊस लागला म्हणून नॅशनल गॅलरीत शिरले. खरं सांगायचं तर आत जायला तिकीट नाही आणि बसायला बाकं आहेत हे मुख्य कारण, चित्रातलं मला काही फार कळतं अशातला भाग नाही. तर फिरता फिरता एका चित्रासमोर थांबले. पाच फूट उंच, साडेसात फूट रुंद, आणि सगळं सोनेरी. मधोमध सूर्य, खाली पाण्यावर त्याचा लखलखाट, बघताना आपलेच डोळे बारीक होतात. आजूबाजूचे लोक त्या सूर्याकडेच बघत होते. माझी नजर मात्र आधी गेली डावीकडच्या अर्धवट बांधकामाकडे. काय करणार, पाच वर्षं झाली आम्ही पुण्यात एक फ्लॅट बुक करून बसलोय (बिल्डरचं नाव घेत नाही, उगीच डोकं फिरतं), त्यामुळे जिथे जाईन तिथे मला साइटच दिसते.

आणि ती साइटच निघाली! इंग्लिश चित्रकार टर्नरचं १८१५ सालचं ऑइल पेंटिंग, 'डायडो कार्थेज बांधतेय'. निळ्या कपड्यातली ती बाई म्हंजे राणी डायडो, माणसांच्या घोळक्यात उभं राहून काम करवून घेणारी. हिची कथा अशी की हिच्या सख्ख्या भावाने पैशासाठी हिच्या नवऱ्याला मारलं, मग ही नवऱ्याचं लपवलेलं सोनं आणि आपली माणसं घेऊन टायर नावाच्या आपल्या शहरातून जहाजांनी पळाली ती थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. तिथल्या लोकांकडे जागा मागितली. किती? तर बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच. ते म्हणाले घे बाई. हिने त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांनी अख्खी टेकडी वेढून घेतली, तिथेच हे कार्थेज! आपला वामन तीन पावलं मागून असंच करून गेला, पण त्याच्याकडे विराट रूप तरी होतं, हिच्याकडे नुसती कात्री. गणितवाले अजून या कोड्याला डायडोचा प्रॉब्लेम म्हणतात, ठरावीक लांबीच्या दोरीत जास्तीत जास्त जागा कशी बसवायची. आमच्या बिल्डरला हे उलटं येतं, म्हणजे मोठ्या आकड्यात कमीत कमी जागा कशी बसवायची, कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप करत करत शेवटी हातात कातडंच येतं.

पण खरी गंमत रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्यात आहे. ट्रॉय शहर युद्धात जळून खाक झाल्यावर तिथला वीर ईनियस समुद्रावर भटकत भटकत इथे पोचतो. याने पुढे इटलीत जायचंय, याच्याच वंशात रोम वसवणारा रोम्युलस व्हायचाय, म्हणजे रोमची सगळी मुळाक्षरं याच्यापासून. पण आत्ता त्याच्याकडे ना घर ना गाव. तो टेकडीवर उभा राहून खाली बघतो तर नुसती धामधूम, कुणी भिंती चढवतंय, कुणी दगड ढकलतंय, कुणी बंदर खणतंय, व्हर्जिल म्हणतो उन्हाळा लागतानाच्या मधमाश्यांसारखी. आणि हा एवढा वीर काय म्हणतो? की नशीबवान आहेत हे लोक, यांच्या भिंती उभ्या राहताहेत. मला तर एकदम भरून आलं! शेजारच्या स्कीमचं प्लास्टर झालेलं बघून आमचे हे गाडीत अगदी याच सुरात बोलतात.

चित्रात डायडोसमोर चिलखत घातलेला एकजण आहे, तोच बहुतेक ईनियस. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाहीये. पुढे ती याच्यावर जीव लावणार, हा देवांची आज्ञा म्हणून निघून जाणार, ती चितेवर जीव देणार आणि मरताना शाप देऊन जाणार, आणि खऱ्या इतिहासात रोमने इ.स.पू. १४६ मधे कार्थेज जाळून टाकलं. पलीकडच्या काठावर, उजवीकडे, तिच्या मेलेल्या नवऱ्याची कबर टर्नरने आधीच काढून ठेवलीय. वास्तुशांतीच्या आधीच हे असलं काहीतरी समोर, माझ्या आईने तर तो फ्लॅटच नाकारला असता.

टर्नरचा या चित्रावर फार जीव. त्याने ते विकलंच नाही, मला यातच गुंडाळून पुरा असंही म्हणायचा म्हणे, आणि त्यावर त्याच्या मित्राने ऐकवलं की पुरू, पण दुसऱ्या दिवशी उकरून काढू. शेवटी मृत्युपत्रात ते देशाला दिलं, पण अट घालून, की हे क्लोद लोरँ या जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्राशेजारी लावायचं. ते क्लोदचं बंदराचं चित्र १६४८चं, तरुणपणी ते बघून टर्नर रडला होता असं सांगतात, का तर आपल्याला असं कधीच जमणार नाही म्हणून. आता दोघं शेजारी शेजारी आहेत. मी दोन्हीकडे आलटून पालटून बघितलं, सूर्य दोघांचाही छान आहे, पण टर्नरचा जास्त तापतो.

मग निघता निघता खाली पाण्याच्या कडेला पोरं दिसली. एवढं शहर उठतंय आणि ही आपली खेळण्यातली होडी सोडून बघत बसलीयेत. जाणकार म्हणतात की ती होडी म्हणजे कार्थेजचं पुढचं आरमार, अजून कोवळं. असेल. मला आमच्या वाड्याच्या पन्हाळीखालच्या कागदी होड्या आठवल्या.

तेवढ्यात ह्यांचा व्हॉट्सॲप आला, साइटचा फोटो, सहाव्या मजल्याचा स्लॅब पडलाय (आमचा अकरावा). मी उलट चित्राचा फोटो पाठवला, सूर्य, पाणी, कमानी, पोरं, सगळं येईल असा. दोन मिनिटांत रिप्लाय आला,

'लोकेशन चांगलंय. ब्रोशर कुणाचं? रेट विचारलास का?'