दोन गाड्यांवरून एकीवर

पहाटे पाचला सामान बांधून खाली उतरलो, सेल्फ मारला आणि नुसती 'टक' झाली. मीटर लावून पाहिलं तर बॅटरी ११.८ व्होल्टवर. भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. गाडी सात आठवडे जागची हलली नव्हती, त्यामुळे दोष फक्त माझा होता.

ही माझी मोठी मोटरसायकल, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम १०००. जोडीला रोजच्या ऑफिसला १२५ सीसीची हलकी गाडी. एक कामाला, एक प्रवासाला, ही वाटणी मला कित्येक वर्षं अगदी बरोबर वाटायची.

त्या दिवशी प्रवास राहिला, म्हणून मोठी गाडी नीट तपासायला बसलो. टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती. पण कडेवरचा चार आकडी शिक्का वाचला: २४१७. म्हणजे २०१७ सालचा चोविसावा आठवडा. नखाने दाबलं तर रबर दगडासारखं लागलं आणि कडेला बारीक भेगा दिसल्या. टायर रस्त्यावर झिजला नव्हता, उभ्या उभ्या म्हातारा झाला होता. बायकोला मागे बसवून मी याच टायरवर घाटात वळणं घ्यायला निघालो होतो. त्या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

दोन्ही विकायचं ठरवायला महिना लागला. घेतली होंडाची सीबी ५०० एक्स. ४७१ सीसी, दोन सिलिंडर, ४७ हॉर्सपॉवर. युरोपातल्या ए२, म्हणजे मध्यम ताकदीच्या मोटरसायकलींच्या परवान्याची ३५ किलोवॅटची मर्यादा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेलं हे इंजिन, म्हणून ताकद नेमकी तेवढीच. वजन १९७ किलो, जुन्या गाडीचं २२८. एकतीस किलोंचा हा फरक चालवताना फारसा कळत नाही. पार्किंगमध्ये उतारावरून गाडी मागे ओढताना मात्र खांद्यांना कळतो. आणि गाडी बाहेर काढणं जड वाटलं की आपण ती काढतच नाही. टाकी १७.७ लिटरची, माझ्या हाताखाली चारशे किलोमीटर निवांत जाते.

गमावलं ते मोकळेपणाने सांगतो. चढावर, दोघं आणि सामान असताना ट्रक ओलांडायचा तर आता एक गियर खाली टाकावाच लागतो. जुन्या गाडीच्या व्ही-ट्विनला, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या त्या मोठ्या इंजिनला, नुसतं मनगट फिरवलेलं पुरायचं. तो जोर मला आठवतो, खूप आठवतो. गर्दीत १२५ जिथून सहज निसटायची तिथे आता थांबतो. रोजच्या सरळ रस्त्याने मागचा टायर मधोमध चपटा होतो आणि मग पहिल्या घाटात गाडी वळणात उतरताना किंचित अडखळते, तेव्हा टायर थोडा लवकरच बदलायचा हे मनाशी धरलंय.

पण गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली. ऑफिसहून परतताना, दुसऱ्या गियरमध्ये हळू चालवताना, पायाखाली ठराविक अंतराने काहीतरी ओढल्यासारखं वाटू लागलं. आवाज असा नव्हताच, फक्त एक लय. रोज तीच गाडी असल्यामुळे ती लय नवी आहे हे लगेच कळलं. घरी स्टँडवर चढवून मागचं चाक हाताने फिरवलं. चेन एका जागी ताठ आणि अर्धा फेरा पुढे गेलं की सैल, इतकी की गाडीवरच्या स्टिकरवर दिलेल्या चेनच्या ताणाच्या मापात दोन्हीकडे एकदम बसेचना. चेन असमान ताणली गेली होती. महिन्यातून एकदा चालवणाऱ्याला हे कळलं असतं ते रस्त्यात, घरापासून तीनशे किलोमीटरवर.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं, एकदमच बदलले, कारण जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर खराब होते. गुरुवारी काम झालं. शुक्रवारी ऑफिसला जाऊन आलो, संध्याकाळी चेनचा ताण पुन्हा मोजला, डिकीच्या पट्ट्या आवळल्या. शनिवारी पहाटे पाचला सेल्फ मारला. बायको मागे बसली, म्हणाली, "चल."