चेंदणीचा लेख: मसुदा तिसरा

मंडळी, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यावरचा लेख एव्हाना हातावेगळा व्हायला हवा होता. झालेला नाही. दोन मसुदे टाकून दिले.

पहिला सुरू केला होता १६ एप्रिल १८५३ पासून, म्हणजे ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीपासून. दुपारी साडेतीन, बोरीबंदर, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. लिहिताना मजा आली. वाचताना कळलं की मी पाहुण्यांबरोबर डब्यात बसून ठाण्याला येतोय आणि गाडी जिथे थांबली तिथली माणसं लेखात कुठेच नाहीत. स्टेशनच्या पूर्वेलाही चेंदणी, पश्चिमेलाही चेंदणी, मधून रूळ. रोज पुलावरून जाताना हे दिसतं, पण सुचलं नाही ते नाहीच.

दुसरा मसुदा चित्र-शिल्पाच्या बाजूने. कलाकार पराग तांडेल चेंदणीचेच. कोळी समाज, खाडी आणि खाणं हेच त्यांच्या कामाचे विषय. माझ्या मजकुरात 'अवकाश', 'अस्मिता' आणि 'संवाद साधते' मिळून अकरा वेळा आलं. इन्स्टॉलेशनला मांडणशिल्प लिहिलं म्हणून वाक्य मराठी होत नाही, हे स्वतःचंच वाचून पटलं. केराची टोपली.

मग मित्राच्या मावशींना उरलंसुरलं वाचून दाखवलं. जन्म चेंदणीतला, वय सत्तरीपार. सुपात सुकट निवडत ऐकत होत्या. 'खाडीत गळ टाकून निवट्या धरत' या वाक्याला हात थांबला. (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारा मासा.)

"निवट्या गळानं? कुणी सांगितलं तुला?"

कुणीच नाही, मीच ठोकून दिलं होतं. मावशींनी सूप बाजूला सारलं आणि फरशीवर दोन बोटांनी दोन भोकं दाखवली. बीळ एकच, तोंडं दोन. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, एका तोंडावर टाच दाबायची आणि दुसऱ्यातून हात घालायचा. कुठवर, तर त्यांनी कोपराच्या वर, पार दंडावर बोट ठेवलं. "बोटाला गुळगुळीत लागली की मूठ मिटायची. घाई केली की गेली." आता का नाही धरत, विचारलं. म्हणाल्या, "त्या चिखलात आता बोट तरी घालशील का?"

रेकॉर्डिंगमध्ये मुख्यतः पंखा ऐकू येतोय. दोष माझाच, फोन टेबलफॅनसमोर ठेवला होता. सुदैवाने वहीत लिहून घेतलंय.

तर तिसरा मसुदा त्या दंडावरच्या बोटापासून सुरू होतो. आगगाडी दुसऱ्या पानावर, एका वाक्यात. तांडेलांचं काम कुठे बसवायचं ते अजून अडलंय. निवटीच्या लगेच नंतर आणलं तर जोडकाम उघडं पडतं, शेवटी ठेवलं तर पुरवणी वाटते. कुणाला वाट दिसत असेल तर सांगा.

येत्या अमावास्येला सकाळच्या ओहोटीला खाडीकाठी मीठबंदरावर जाणार आहे. पाणी लांबवर हटतं म्हणे. मावशी येणार नाहीत, गुडघे दुखतात. चांगले बूट घालू नकोस, एवढं मात्र बजावलंय.