पुढची चाके फिरेनात : ग्रांफू ते काझा वाटेवर जुन्या जिप्सीची तपासणी

मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरल्यावर कोकसरवरून ग्रांफूला यावे लागते आणि तेथून छत्रू, बातल, कुंझुम खिंड, लोसर असा काझाचा रस्ता धरावा लागतो. बातलपर्यंत चंद्रा नदी सोबत असते आणि रस्ता म्हणजे बराचसा गोट्यांचा पट्टा. हिमनद्यांचे पाणी दुपारी वाढत असल्यामुळे नाले सकाळीच ओलांडावेत, हा सल्ला तेथे प्रत्येक ढाब्यावर मिळतो आणि तो पाळण्यासारखा आहे. मात्र सप्टेंबरच्या मध्यात सकाळ कमालीची थंड असते, आणि आमच्या अडचणीचे मूळ त्या थंडीतच होते.

सोबतच्या मित्राची जिप्सी किंग, म्हणजे मारुतीची चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, त्याने आदल्या वर्षी जुनी घेतलेली. जिप्सीची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ मध्ये थांबल्यामुळे आता बाजारात मिळणारी प्रत्येक जिप्सी वापरलेलीच असते. त्यामुळे आधीच्या मालकाने काय केले आणि काय टाळले, हे गाडीच सांगेल तेव्हा कळते. छत्रूच्या पुढे एका नाल्याच्या चढावर मागची चाके खडीत रुतत गेली, पण पुढची जागची हलली नाहीत. लिव्हर फोर-एचवर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या जागी होता, दोन्ही हब (पुढचे चाक ॲक्सलला जोडणारे किंवा मोकळे ठेवणारे, चाकाच्या मध्यावरचे कुलूप) ‘लॉक’वर होते आणि डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवाही लागलेला होता.

त्या दिव्यावर विसंबू नये. ट्रान्सफर केसमधला, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे वाटणाऱ्या पेटीतला दांडा सरकला, एवढेच तो सांगतो. त्यापुढे प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा), डिफरेन्शियल (ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरसंच), ॲक्सल आणि हब अशी साखळी असते, तिची हमी तो देत नाही. शिवाय जिप्सीचे पुढचे डिफरेन्शियल साधे असल्यामुळे एका बाजूचा हब जरी जुळला नाही, तरी सारी ताकद त्या मोकळ्या बाजूचा शाफ्ट फिरवण्यात वाया जाते आणि दोन्ही चाके निपचित राहतात. पाहणाऱ्याला मात्र ट्रान्सफर केसच गेल्यासारखी वाटते, आणि कित्येकदा मेकॅनिकही तीच उघडायला घेतो.

दुसऱ्या गाडीने दोर लावून जिप्सी सपाट जागी काढली आणि तपासणी चाकाकडून आतल्या दिशेने केली. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, लिव्हर फोर-एचवर आणि मागच्या चाकांना दगड, अशा अवस्थेत डावे पुढचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले. साखळी सलग असती तर ते फिरलेच नसते. येथे ते सहज फिरले. एवढ्यावरून दोष डाव्या हबचा की उजव्या, हे ठरत नाही, म्हणून उजव्या हबचे बोल्ट काढून त्याचे झाकण उतरवले. आता डावे चाक फिरवताच उजव्या बाजूला दिसणारे ॲक्सलचे दातेरी टोक उलट दिशेने फिरू लागले. याचा अर्थ डावा हब व्यवस्थित धरत होता आणि दोष उजव्यात होता.

उतरवलेल्या झाकणात काळपट, घट्ट ग्रीस ठासून भरलेले होते आणि त्यात चिखलाची बारीक कचकच होती. बाहेरची खुंटी ‘लॉक’वर जात होती, पण आतली सरकणारी कडी निम्म्यावर अडकत होती. पुण्याच्या उन्हात हेच ग्रीस पातळ राहून हब कसाबसा जुळत असणार. आम्ही तो भाग पेट्रोलने धुतला, वाळवला, ग्रीसचा अगदी पातळ हात दिला आणि कडी पूर्ण सरकते हे बोटाने पाहूनच झाकण बसवले. हबमध्ये भरपूर ग्रीस भरणे ही काळजी नव्हे. बेअरिंगला ते लागते, हबच्या सरकत्या भागाला नको. हे काम पेट्रोलचे असल्याने आसपास कोणी विडी ओढत नाही, हेही पाहावे.

पुढे कुंझुम, जी साडेचार हजार मीटरहून उंच आहे, विनातक्रार पार झाली.

जुनी गाडी घेऊन या वाटेने येणाऱ्यांनी ही जॅकची चाचणी घरी, शक्यतो पहाटेच्या गारव्यात, करून निघावे. सोबत हबच्या झाकणाची गॅस्केट, त्याच बोल्टचा पाना, चिंध्या आणि जॅकखाली घालायला जाड फळी असावी, कारण खडीत जॅक खचतो. लिव्हर फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या हळू पण जास्त जोराच्या जागी, जात नसेल तर गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबून पाहावे. तो गेला तरी चढावर आपोआप सुटत असेल, तर ट्रान्सफर केसचे रबरी माउंट फाटले आहेत का, ते आधी बघावे. खोल नाल्यानंतर ॲक्सलचे तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे आणि ते तेल लगेच बदलावे. ज्या नव्या गाड्यांत पुढचा ॲक्सल व्हॅक्यूमने जोडला जातो, त्यांच्या बारीक नळ्या उंदीर कुरतडतात. तेथे हब उघडण्याआधी नळ्या तपासाव्यात.

काझाजवळ डांबर लागताच लिव्हर टू-एचवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जागी, घ्यावा. जिप्सीत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सामावणारे मधले डिफरेन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर वळणे घेताना पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पीळ देतात आणि लिव्हर अडकून बसतो. पुढच्या-मागच्या टायरची झीज वेगळी असेल, तर हे सरळ रस्त्यावरही होते. तसा अडकला तर जोर न लावता गाडी थोडी सरळ मागे घ्यावी. पीळ सुटतो आणि लिव्हर हलक्या हाताने निघतो.