दार उघडल्यावर किती उरतं?

लॉजवाल्याला फोन करून 'व्हीलचेअर चालेल का?' असं विचारणं मी सोडून दिलंय. उत्तर ठरलेलं असतं: 'चालंल की ताई, लिफ्ट हाय.' लिफ्ट असतेही. पण तिच्याआधी रस्त्यावरून आत यायला चार पायऱ्या असतात, आणि वर गेल्यावर बाथरूमचं दार असतं. पायऱ्यांना माणसं मिळतात. बाथरूमच्या दारापुढं माणसांचा काही उपयोग नाही.

मी परभणीची. मोंढ्यातल्या काही आडत दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचे कागद बघते, त्यापायी संभाजीनगरला जाणं होतं, कधी मुंबईला. सोबत बहुतेक वेळा भाचा असतो. कमरेखाली काही हलत नाही, हात मात्र दणकट आहेत. माझ्या खुर्चीची रुंदी, चाकांवरच्या कड्यांसकट, २५ इंच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आधी गाडीचं. तिकिटाची तक्रार नाही. रेल्वेचं सवलतीचं कार्ड असलं की स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सूट, सोबत्यालाही तेवढीच. स्लीपरमध्ये आमच्या कोट्यात चार बर्थ, दोन खालचे आणि दोन मधले. पण स्लीपरच्या दारातून, त्या वळणातून माझी खुर्ची जात नाही. म्हणून दिवसाच्या प्रवासाला मी गार्डाच्या डब्यातला दिव्यांगांचा भाग धरते. तिथलं दार रुंद, संडास मोठा, आत धरायला दांड्या. एकदा आत गेलं की राणी. पण आत जायचं कसं?

उंच प्लॅटफॉर्म म्हणतात तोही रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर असतो. डब्याची फरशी सव्वा मीटरच्या वर. मधला दीड फूट तुमचा तुम्ही बघायचा. रॅम्पचा हिशेब एका फुटाला बारा फूट, म्हणजे दीड फुटाला अठरा फुटांची फळी लागेल. दोन-तीन मिनिटांच्या हॉल्टला ती कोण आणणार? मग उचलणं आलं.

उचलणारे मिळतात, आपल्याकडं त्याची कमी नाही. फक्त जो तो वेगळं काहीतरी धरतो. एकानं हात टेकायची दांडी धरली तर ती निघून त्याच्या हातात येते. दुसऱ्यानं चाक धरलं तर चाक फिरतं आणि मी पुढं झुकते. धरायचं ते फ्रेमला: दोघांनी मागच्या मुठी, दोघांनी पायांच्या वरचा पाइप. त्याआधी ब्रेक. मी पाठमोरी चढते, मागचे दोघं आधी डब्यात चढून वाकतात. हे सगळं गाडी दिसायच्या आत सांगून झालं पाहिजे.

'ताई, तुम्हालाच उचलून ठिवतो, खुर्ची मागून देतो,' असं एक हमाल दर वेळी म्हणतो.

'मला नको, खुर्चीसकट उचला.'

'पडताल ना!'

पडत नाही. उलट एकटीला उचललं की पाय लोंबतात, पायरीला घासतात, आणि मला ते कळतसुद्धा नाही. जखम रात्री दिसते. शिवाय बाईमाणसाला कुठं धरायचं हे उचलणाऱ्यालाही कळावं, ते मी सांगायचं म्हणजे कमालच झाली.

डब्यात धडधाकट मंडळी आधीच मांडी घालून बसलेली. राखीव डब्यात शिरणाऱ्याला दंड करणारं रेल्वे कायद्याचं कलम १५५ सांगून बघितलं. 'बसा की ताई, जागाच जागा,' म्हणत सगळे चार-चार बोटं सरकतात. सरकून खुर्ची मावत नाही हो, उठावं लागतं! उठतातही, कुरकुरत. आणि परतूर येईपर्यंत त्यांच्याच डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातात असते. मग भांडायचं कसं?

आता मूळ मुद्दा, बाथरूम. केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर सांगितलीय, साधारण ३५ इंच. मोठ्या हॉटेलात तशी एखादी खोली मिळते, पण आडत्यांकडून मिळणाऱ्या फीमध्ये ती बसत नाही. माझ्या खिशाला परवडणाऱ्या लॉजमध्ये चौकट असते २६ ते २८ इंचांची. वर उंबरठा. पाइप स्लॅबच्या वरून नेले की बाथरूमची फरशी उचलावी लागते, म्हणून ती एक पायरी.

संभाजीनगरच्या एका लॉजवर चौकट २६ भरली. भाचा म्हणाला, 'मावशी, जमलं!' जमलं नव्हतं. दार नव्वद अंशांतच उघडत होतं, त्याची जाडी आणि बिजागरी दीड इंच खात होती. उरले साडेचोवीस. अर्ध्या इंचासाठी रात्रभर ताटकळायचं? मी पोऱ्याला स्क्रूड्रायव्हर मागितला. तो आधी हसला, मग स्वतःच आणला आणि बिजागरीच्या पिना खालून ठोकून वर काढल्या. दार भिंतीला टेकवून ठेवलं. तिथं उंबरठा बोटभरच होता. खुर्ची मागं कलवून, बोटांची सालटं वाचवत, आत गेले. चौकटीवर चादर ठोकली आणि भाच्याला चहाला पिटाळलं. सकाळी मालकानं येऊन पाहिलं, काही बोलला नाही. दाराचं भाडं वजा करा असं मीही म्हटलं नाही.

जिथं उंबरठा जास्त असतो तिथं बिनहाताचं प्लास्टिकचं स्टूल मागून घेते. खुर्ची दारात, स्टूल आत, आणि हातांच्या जोरावर सरकायचं. स्टूल ओलं नसावं, एवढं बघायचं.

आता फोनवर मी इंचच विचारते. टेप नाही म्हणाले तर शिंप्याकडून आणा म्हणते. काही जण वैतागून फोन ठेवतात, ते बरंच, भाडं वाचतं.

पुढच्या महिन्यात नांदेडला मामेबहिणीकडं लग्न आहे आणि घर पहिल्या मजल्यावर, तेव्हा लॉजच बघावं लागणार. कुणी नांदेडकर वाचत असाल तर स्टेशनजवळच्या एखाद्या लॉजच्या बाथरूमचं दार मोजून कळवा. चौकट नको, दार उघडल्यावर उरतं तेवढंच मोजा. उंबरठाही.