स्वस्तातला ग्रासकटर चालतो का?

पावसाळा संपत आला की आमच्या कोकणात एकच विषय, बेणणीला, म्हणजे बागेतलं गवत-झुडपं काढायला, गडी कुठून आणायचे आणि नाही मिळाले तर मशीन कुठलं घ्यायचं. ५२ सीसीचा टू स्ट्रोक ग्रासकटर ऑनलाइन आठ-दहा हजारात मिळतो, होंडा नाहीतर स्टिल (Stihl) या जर्मन कंपनीचा बघायला गेलं की आकडा तिपटीच्या आसपास जातो, मग माणूस विचारणारच ना की एवढा फरक कसला!

माझं मत सांगतो. घरचीच थोडी कलमं, थोडे काजू असतील तर स्वस्तातला पुरतो, चांगला पुरतो. पण जो रोज दुसऱ्यांच्या बागा साफ करून पोट भरतो त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

या स्वस्त मशीनची पाटी नीट वाचा. बऱ्याच मशीनवर १ई४४एफ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक सिलिंडर आणि ४४ मिमीचा पिस्टन. रंग वेगळा, स्टिकर वेगळा, आत साधारण तेच इंजिन, त्यामुळे दोन स्वस्त मशीनमध्ये कुठलं भारी यावर डोकं घालू नका. उलट याचाच फायदा आहे, कार्बोरेटर, क्लच, स्टार्टर सगळं तालुक्याच्या दुकानात स्वस्तात मिळतं आणि कुठलाही मेकॅनिक खोलतो.

फरक पडतो तो तासांवर. होंडाचं जीएक्स३५ फक्त ३५.८ सीसीचं, पण फोर स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही, धूर कमी, पेट्रोल कमी. आणि मुख्य म्हणजे हादरे. तासभर काम केलं तर स्वस्त मशीनचे हादरे काही वाटत नाहीत, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत उतारावर, महिनोन्महिने, तर बोटं बधिर व्हायला लागतात आणि हा त्रास पुढे कायमचा राहू शकतो. गड्याच्या हाती मशीन देणाऱ्याने तरी याचा विचार करायलाच हवा, हात त्याचे जातात.

स्वस्त मशीन महिन्यात बसलं म्हणून ओरडणाऱ्यांना मी आधी पेट्रोलचं विचारतो. आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते आपल्या दमट हवेत पाणी ओढून घेतं, जास्त पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी खाली वेगळं बसतं, त्या थरात ऑइल नसतंच आणि तेच इंजिनात गेलं की पिस्टन जाम. भारीतला भारी टू स्ट्रोकही यातून सुटत नाही. म्हणून पेट्रोल-ऑइल लागेल तेवढंच मिसळा, मॅन्युअलमध्ये २५:१ असेल तर लिटरभर पेट्रोलला ४० मिली ऑइल, अंदाजाने टोपणभर नाही. सीझन संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. गिअरहेडला, म्हणजे पात्याजवळच्या गिअरच्या डब्याला, ग्रीस भरायचं तर बहुतेकांना माहीतच नसतं.

एका बाबतीत मात्र मी अजिबात ऐकणार नाही, पातं आणि गार्ड. आपल्याकडे गवतात जांभा लपलेला असतो, हलकं पातं त्यावर आपटलं की तुकडा गोळीसारखा सुटतो. मशीनसोबत आलेलं पातळ पातं बाजूला ठेवा, चांगल्या कंपनीचं घ्या, दगडाच्या जागी नायलॉन दोरीच लावा, गमबूट आणि चष्मा घाला आणि आजूबाजूला पोरं असतील तर मशीन चालूच करू नका.