ओढ्यावरचा पूल आणि पंचवीस मीटरचा रॅम्प

आमच्या सोसायट्या आणि ओढ्यापलीकडची वस्ती यांत अंतर हाकेचं. पण शाळा आणि मंडई तिकडे, आणि जायचं तर मोठ्या रस्त्यानं लांबचा वळसा. मुलं सरळ ड्रेनेजच्या पाइपवरून पार व्हायची. त्याचेच फोटो आम्ही पुलाच्या मागणीच्या अर्जाला जोडले.

पुण्यात २००६ पासून नागरिकांनी सुचवलेली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात घेतात. पण त्या पैशांत बाकडी बसतात, पूल होत नाही. मग नगरसेवकांना गाठलं, ‘पादचारी व सायकल पूल’ असं वेगळं काम मंजूर करून घेतलं. पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज, मग तांत्रिक मान्यता, निविदा, सगळं रीतसर. फाइल मध्येच एका टेबलावर झोपली. कुणाच्या ते सोडा.

खरी मारामारी झाली उंचीवर. आंबिल ओढ्याचा सप्टेंबर २०१९ चा पूर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. आमचा ओढा वेगळा, पण पूल खाली घ्यायला कुणी अभियंता धजेना. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा, हे तेव्हा कळलं. हिशेबाअंती पूल आमच्या रस्त्यापेक्षा १.८ मीटर वर गेला. एवढंच ना? पण व्हीलचेअरसाठी चढ १:१२ पेक्षा, म्हणजे बारा मीटरला एक मीटरपेक्षा, तीव्र चालत नाही. म्हणजे नुसता उतारच २१.६ मीटर, मधले सपाट टप्पे धरून पंचवीसच्या आसपास. एवढी जागा होती कुणाकडे?

ठेकेदार म्हणाला, “पायऱ्या करू, कडेला सायकलसाठी पन्हळ देऊ.” आमच्यातलेही बरेच जण तयार झाले. मी अडून बसलो. पिशव्या लटकवलेली सायकल पायऱ्यांवरून चढवून बघा म्हटलं. शेवटी शेजारच्या सोसायटीनं कुंपणालगतची पट्टी दिली आणि रॅम्प एक वळण घेऊन बसला. त्या पट्टीवर त्यांच्या चार गाड्या उभ्या राहायच्या, त्यामुळे सर्वसाधारण सभेत काय काय ऐकावं लागलं असेल, कल्पना करा.

विरोध दोन्हीकडून होता. आमच्याकडचे म्हणत, चोऱ्या वाढतील. पलीकडचे म्हणत, तुमच्या गाड्या आमच्या गल्लीत लागतील. दुसरी भीती जास्त खरी होती, असं माझं मत.

गर्डर, म्हणजे पुलाची मुख्य तुळई, रात्री क्रेननं चढवला, ते काम सगळ्यात सोपं. आता डोकेदुखी स्कूटरवाल्यांची. त्यांना अडवायला तोंडाशी खांब रोवले, पण व्हीलचेअर जायला खांबांत ९० सेंटिमीटरची फट लागते, आणि स्कूटरचं हँडल त्याहून अरुंद. जिथून आजी जातात तिथूनच ॲक्टिव्हाही जाते. आडवेतिडवे कठडे लावून पाहिले, तर दुधाचे कॅन बांधलेली सायकलच अडकली, ते काढले. सध्या रॅम्पच्या तोंडाशी कॅमेरा आहे आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी मंडळी स्कूटरवाल्यांना हटकतात. कॅमेऱ्यापेक्षा त्यांचा धाक मोठा. दिव्यांचं बिल कुणी भरायचं, यावर पत्रव्यवहार अजून चालू आहे.