पावणेतीनशे वर्षे जुन्या गोष्टीचा पुरावा: माझा अनुभव

‘या पुस्तकातील मजकूर प्रकाशित करण्याचे हक्क आपल्याकडे असल्याचा पुरावा द्यावा.’ मेलमध्ये एवढंच होतं. कोणता मजकूर, कसला पुरावा, तो कोणाकडून आणायचा, याबद्दल चकार शब्द नाही. ज्या प्लॅटफॉर्मवर मी माझी कादंबरी ई-पुस्तक म्हणून टाकली, त्यांनी ती अडकवून ठेवली आणि हे पत्र धाडलं. अजून आठवलं की डोकं तापतं. परीकथा घेऊन नवी प्रेमकादंबरी लिहायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना हे आधीच माहीत असावं, म्हणून लिहिते आहे.

माझं पुस्तक म्हणजे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, म्हणजे एक सुंदर मुलगी आणि शापाने पशू झालेला राजपुत्र यांच्या परीकथेचं मराठीतलं नवं रूप. व्यापारी, गुलाब, शापित वाडा हे सगळं आहे, पण माझी नायिका बापाच्या बुडालेल्या जहाजांचे हिशेब ठेवते आणि वाड्याच्या धन्यावर तिचा जीव दयेपोटी जडत नाही, त्याच्याशी भांडता भांडता जडतो. ती भांडणं लिहिताना मला जो आनंद मिळाला, तो आजवरच्या कुठल्याच लिखाणात मिळाला नव्हता. लेखन, मुद्रितशोधन, सगळं सुरळीत झालं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तर आपल्याकडे मोफत मिळतो, अर्जही ऑनलाइन. त्याच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मग ते पत्र आलं. मी लिहिलं, ही जुनी लोककथेसारखी गोष्ट आहे, तिच्यावर आता कोणाचाच हक्क नाही. उत्तरादाखल तेच पत्र, अक्षरही न बदलता. मी कॉपीराइट नोंदणीचा अर्ज केल्यावर मिळालेला डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नंबर, पाठवला. पुन्हा तेच पत्र. फोन नंबर नाही, माणसाचं नाव नाही, खाली सही म्हणून नुसतं ‘टीम’. माझा तर्क असा, की वर्णनात मूळ गोष्टीचं नाव दिसलं की यंत्रच पुस्तक अडवतं, आणि आपलं उत्तर माणसापर्यंत पोचायचं तर त्यात सन आणि नावं ठळक दिसावी लागतात. ‘जुनी गोष्ट’ या शब्दांना तिथे काडीची किंमत नाही.

शेवटी एक कागद तयार केला: या गोष्टीतलं काय कोणाचं. इथे खरा वेळ गेला, आणि सांगते, तो सत्कारणी लागला. गोष्टीचं पहिलं छापील रूप गाब्रिएल-स्युझान द व्हिलनव्ह या फ्रेंच लेखिकेचं, 1740 सालचं. ते चांगलं लांबलचक आहे. व्यापाऱ्याला सहा मुलगे नि सहा मुली, नायिकेच्या स्वप्नात रोज येणारा देखणा राजपुत्र, पऱ्यांची आपसातली भांडणं, आणि शेवटी नायिका स्वतःच एका राजाची आणि परीची मुलगी निघते. 1756 मध्ये लप्रँस द बोमाँ या दुसऱ्या फ्रेंच लेखिकेने ते मुलींना वाचायला म्हणून कापून आटोपशीर केलं. तीन मुलगे, तीन मुली, रोज रात्री जेवताना लग्नाची मागणी, आणि मत्सरी बहिणींचे शेवटी पुतळे होतात. आपण ऐकलेली गोष्ट बहुतेक हीच.

आणि मग डिस्नेचा 1991 चा चित्रपट. नायिकेच्या मागे लागलेला बढाईखोर गॅस्टन, बोलणारं मेणबत्तीदान नि घड्याळ, आणि एकेक पाकळी गळत मुदत संपवणारा तो गुलाब ही सगळी त्या चित्रपटाची भर. यातलं काहीही उचलाल तर पुस्तक अडवलं गेल्याबद्दल तक्रार करायला तोंड राहणार नाही. उलट माझ्या पुस्तकात वाड्यात आहे ते ग्रंथालय! माझ्या एका वाचक मैत्रिणीने छातीठोकपणे सांगितलं, ते चित्रपटातलं आहे, काढून टाक. नाही. बोमाँच्या गोष्टीतच नायिकेला तिच्या दालनात मोठा पुस्तकसंग्रह सापडतो. मी तो प्रसंग ठेवला आणि कागदात तसं लिहिलं.

अनुवादाचंही लिहावं लागलं. मूळ गोष्ट खुली असली तरी कालपरवाचा अनुवाद खुला नसतो, त्यावर अनुवादकाचा हक्क असतो. व्हिलनव्हच्या कथेचा जेम्स प्लँशे यांचा इंग्रजी अनुवाद 1858 चा आहे आणि ते 1880 मध्ये वारले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, बऱ्याच देशांत सत्तर. दोन्ही हिशेबांनी प्लँशे केव्हाच खुले झाले. लहानपणी वाचलेल्या एखाद्या मराठी पुस्तकावरून लिहिणार असाल तर तो अनुवादक किंवा रूपांतरकार कोण, हे आधी बघा.

हा कागद, त्यात सन, लेखकाचा मृत्यू आणि शेवटी ‘भाषा, पात्रांची नावं, संवाद आणि घटनाक्रम माझा’ हे वाक्य, एवढं पाठवलं. या वेळी वेगळं उत्तर आलं, आणि पुस्तक विक्रीला लागलं. त्या संध्याकाळी घरात सगळ्यांना मी वाड्यातलं पहिलं भांडण मोठ्याने वाचून दाखवलं.

कॉपीराइट नोंदणी करावीच असं नाही, हक्क लिहिताक्षणी आपलाच असतो. तरी कादंबरीला शुल्क पाचशे रुपये आहे, करून ठेवा. मात्र अर्जानंतर कोणाची हरकत येते का यासाठी तीस दिवस थांबावं लागतं, त्यामुळे पुस्तक टाकायच्या खूप आधी अर्ज करा. कोणी ‘कल्पना चोरली’ म्हणालं तर 1978 चा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा: कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडण्यावर असतो.

आणि हो, मुखपृष्ठ. चित्रकाराने पहिल्यांदा नायिकेला घेरदार पिवळा झगा घातला होता. तो मी बदलून घेतला, कारण तो झगा पाहिला की कोणालाही तो चित्रपटच आठवणार. तुमचा चित्रकारही बहुधा पिवळाच काढेल. कच्चं चित्र येईल तेव्हाच सांगा.